इंदुताईच्या दारावरचा कडुलिंब

इंदुताईनं कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं आमच्या पाच खोल्यांत कुणी ऐकलं नव्हतं. तो शब्द तिच्या माहेरी, बीडकडं, चालतच नसावा असं माझं मत होतं. एकदा बोहारीण दारात फतकल मारून बसली आणि म्हणाली, “ताई, त्यो खुंटीवरचा कोट द्याच वो.” झालं. तिच्या नवऱ्याचा, उद्धवरावांचा, लग्नातला कोट एका चाळणीवर गेला. त्या चाळणीची भोकं इतकी मोठी की पीठ आणि कोंडा हातात हात घालून खाली उतरत. तरी पुढच्या खेपेला बोहारणीनं विचारलं, “चाळनी बरी हाय न्हवं?” तर इंदुताई म्हणाली, “लई चांगली हाय.”

एकाच सकाळी दोन घरच्या शेवयांना तिनं होकार दिलेला मी पाहिलाय. दोन्हीकडं गेली बिचारी. तासभर इथं, तासभर तिथं, आणि दोन्हीकडच्यांनी मागून नावं ठेवली. शेजारच्या एकीनं “पावसापुरती बांधते हं” म्हणून तिच्या चुलीशेजारी शेळी बांधली, ती दिवाळीपर्यंत तिथंच होती. उद्धवराव जेवायला बसले की ती त्यांच्या ताटाकडं बघे आणि ते तिच्याकडं. आणखी वाढू का हे ती विचारत नसे, आणि वाढ म्हणून ते सांगत नसत. नवराही तसलाच मिळाला होता.

खोल्या शालनबाईंच्या. पिंपरीतल्या जुन्या घरातली बाई, नऊवारी कासोटा आणि आवाज असा की रुळापलीकडं उभी असलेली मालगाडी सुटावी. रुळांपलीकडं औषधाचा कारखाना उभा राहिला तेव्हा शालनबाईंच्या यजमानांनी मळ्याच्या कडेची बाजरी मोडली आणि तिथं पत्र्याच्या छपराच्या पाच खोल्या ओळीनं उभ्या केल्या. बाजरी होती तेव्हा पाखरं राखावी लागत. आता भाडेकरू राखायला शालनबाई सकाळ-संध्याकाळ चक्कर मारत. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाकडं कोण आलंय, कुणाची सून फुगलीय, सगळं त्यांना ठाऊक असे. या कामात मीही त्यांना जमेल तेवढा हातभार लावी.

उद्धवराव त्याच कारखान्यात बाटल्या धुवायच्या खात्यात होते. आमचे हे तिथंच पहाऱ्यावर. म्हणजे ते बाटल्या धूत आणि हे त्या कुणी पळवू नये म्हणून उभे राहत, आणि दोघंही घरी आले की आपण देशाला कसं वाचवतो ते सांगत. पण सुईचं नाव काढलं की उद्धवरावांच्या कपाळावर घाम येई. ज्या औषधाच्या बाटल्या धुण्यात जन्म चालला होता, ते औषध माणसाच्या अंगात नेमकं कुठून शिरतं हे त्यांना बघवत नसे.

इंदुताई-उद्धवरावांना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. नाव ठेवलं मालोजी. अंगावर मूठभर मांस नाही, पण नाव सरदाराचं. मालोजीराव सहा महिन्यांचे झाले आणि पौषातल्या थंडीत त्यांना खोकला लागला. पवना नदीवरून वारा असा येई की पत्र्याच्या खोल्या आतून घामेजत. आधी नाक वाहिलं, मग खोकला, मग ताप. आणि एका सकाळी भिंतीपलीकडून मला पोराचं कण्हणं ऐकू आलं. आमच्या दोन खोल्यांत विटेची एकेरी भिंत होती. तिला कान होते, आणि ते माझे होते.

मी गेले तर इंदुताई पोराला मांडीवर घेऊन बसलेली. त्याचं पोट भात्यासारखं उडत होतं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडे, नाकपुड्या फुलत. दूध तोंडात धरी, दोन घोट ओढी आणि दमून सोडून देई.

“अगं, डबा झालाय पोराला!” मी म्हटलं. पोरांची छाती अशी भरली की आमच्याकडं त्याला डबाच म्हणतात. “उद्धवराव कुठायत?”

“कामावर गेले वो. मी म्हणले, जा.”

“तू म्हणालीस, की ते ‘जाऊ का’ म्हणाले आणि तू ‘बरं’ म्हणालीस?”

 मी तिला आणि पोराला टांग्यात घातलं आणि चिंचवड गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणजे तापट माणूस. पेशंटपेक्षा पेशंटच्या नातेवाइकांवर त्यांचा जास्त राग. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग स्वतःच सुई भरून टोचली. मालोजीराव रडले, पण रडणंही अर्धवट, श्वास पुरेना.

“छातीत कफ भरलाय, आत सूज आहे,” डॉक्टर म्हणाले. “पुण्याच्या दवाखान्यात ठेवायचं का हे उद्या-परवा ठरवू. तोवर घरी नीट सांभाळायचं. उद्यापासून दुपारी माझा कंपाउंडर येऊन सुई देईल. ती एकही चुकता कामा नये. पण निम्मं औषध सुईत आहे आणि निम्मं हवेत. समजलं?”

“हो,” इंदुताई म्हणाली.

“धूर नको. धुरी नाही, मिरच्या नाहीत, कोंडलेली खोली नाही. खिडकी उघडी ठेवा आणि पोर पांघरुणात उबदार. छाती घट्ट बांधायची नाही. डोकं जरा उंच. अंगावरचं दूध थोडं थोडं, वरचेवर. आणि माणसांची जत्रा नको. ओठ निळे पडले किंवा दूध अजिबात ओढेना, तर कुणाची वाट न बघता माझ्याकडं. समजलं?”

“हो.”

“हो म्हणताय, आणि घरी जाऊन धुरी द्याल. सगळ्या तशाच.”

“हो,” इंदुताई म्हणाली. तिला सवयच ती.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. बातमी कुणी केली ते विचारू नका. आमच्याकडं आजारी माणसाच्या समाचाराला जायचं म्हणजे नुसतं जायचं नसतं, सोबत औषध न्यायचं असतं. आणि आपलं औषध आपल्या डोळ्यांदेखत लागू झालेलं बघितल्याशिवाय उठायचं नसतं. पहिल्या आल्या त्यांनी ओवा आणला आणि निखाऱ्यावर टाकला. दुसरीनं लसणाची माळ पोराच्या गळ्यात घातली. तिसरीनं मोहरीचं तेल चोळून छाती फडक्यानं आवळली. एकीनं “वारं लागंल लेकराला” म्हणून खिडकी लावली. तिच्यानंतर आलेलीनं लावलेली खिडकी पुन्हा हलवून पाहिली आणि फटीत चिंधी कोंबली. प्रत्येकीला इंदुताई म्हणे, “बरं.” एकीची पाठ वळली की ती हळूच फडकं सैल करी, खिडकी किलकिली करी. तेवढ्यात पुढची दारात.

मग छबूबाई आल्या. छबूबाई म्हणजे शालनबाईंच्या चुलत जाऊबाई, दृष्ट काढण्यात पंचक्रोशीत पहिल्या. त्यांनी मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या पोरावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. पाच खोल्यांतली माणसं खोकत बाहेर आली. आमचे हे पहाऱ्यावरच्या सवयीनं “कोण आहे तिकडं?” म्हणून ओरडले.

“केवढा ठसका उठला बगा!” छबूबाई पदरानं डोळे पुशीत म्हणाल्या. “म्हंजी दिष्ट केवढी आसंल!”

“अहो, मिरच्या केवढ्या होत्या त्या बघा की,” मी म्हटलं.

“तुमी गप ऱ्हावा वैनी. तुमच्या जिभंचीच दिष्ट लागली आसंल.”

धुरात पोर असं घुसमटलं की त्याच्या ओठांवर क्षणभर जांभळट छटा आली. इंदुताईनं त्याला उचललं आणि उघड्यावर अंगणात येऊन उभी राहिली. ओठ पुन्हा मूळच्या रंगावर आले. तिचा चेहरा मात्र आला नाही. एवढ्यात छबूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नगंस इंदे. दिष्ट गेली, आता डबा काडायचा. उद्या तिसऱ्या प्रहरी बिब्बा घिऊन येते. पोटावर चार डाग दिले की पोरगं खडखडीत. माज्या सोनबाला असाच बरा केला.”

तापवलेल्या बिब्ब्याचा डाग मी पाहिलाय. सोनबा आता चांगला मिशीवाला आहे, पण अजून सदरा काढायला लाजतो.

इंदुताईनं छबूबाईंकडं पाहिलं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणते.

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यातल्या विहिरीवर पाण्याला गेले, तर इंदुताई तिथल्या कडुलिंबाची फांदी वाकवून लोंबकळतेय. चांगला हातभर डहाळा तिनं मोडला.

“काय गं, दात घासायला एवढी मोठी काडी?”

ती दचकली. “अं? हां. हो.”

मी घागर घेऊन घरी येते तो तिच्या चौकटीवर डहाळा बांधलेला. दारात पाणी शिंपडलेलं, उंबऱ्यावर हळद-कुंकवाची बोटं. चूल थंड, खिडकी सताड उघडी. मी बघतच राहिले. बाहेरगावच्यांना सांगायला हवं म्हणून सांगते. दाराला कडुलिंब लावला म्हणजे त्या घरात देवी आली. पोराच्या अंगावर गोवर, कांजिण्या किंवा त्याहून मोठं काही उठलंय. आणि देवी घरात असताना तिचे नियम असे, की ते मोडायची छाती खुद्द शालनबाईंना नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. उंबरा ओलांडून कुणी आत जायचं नाही. फोडणी नाही, तळण नाही, मिरचीचा ठसका नाही, धूर नाही, कारण आईला उष्ण सोसत नाही. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून जे जे सांगितलं होतं, ते सगळं या यादीत आधीपासूनच बसलेलं. फक्त सांगणारी बाई वेगळी.

काल मी स्वतः पोराला टांग्यात उघडं करून पाहिलं होतं. अंगावर पुरळाचा एक ठिपका नव्हता. इंदुताई खोटं बोलली म्हणावं, तर ती कुणाशी एक शब्द बोललेली नव्हती. तिनं फक्त डहाळा बांधला. बाकीचं सगळं लोक स्वतःच बोलले.

मी खिडकीतून डोकावले. “काय गं, आई केव्हा आल्या?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटली. पुढं दुपारपर्यंत मी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. हे वाचून आमचे हे विश्वास ठेवणार नाहीत.

उद्धवरावांनाही तिनं काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाटल्या धुता धुता त्यांनी सगळ्या खात्याला सांगितलं असतं. ते उठले, त्यांनी डहाळा पाहिला, तिथल्या तिथं डोळे मिटून हात जोडले आणि चपला हातात घेऊन चवड्यांवर कामाला गेले. शालनबाई चक्करीला आल्या त्या दहा पावलं अलीकडंच थबकल्या.

“आगं बया! आई आली व्हय!” एरवी मालगाडी हलवणारा आवाज एकदम कुजबुजीवर आला. “छातीत भरलंय म्हनत हुते त्ये काय खरं न्हाई. आई बाहेर पडत हुती. पाची खोल्यांत सांगा, आज फोडनी न्हाई कुनाकडं. चुली पलीकडं बांधाला मांडा.”

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बिनफोडणीचं वरण खाल्लं. आमचे हे म्हणाले, “ही देवी आहे की डॉक्टर?” मी म्हटलं, “जेवा गुमान.” पण एक खरं, गेल्या कित्येक दिवसांत आमच्या आळीत इतकी स्वच्छ हवा नव्हती. पोरंसोरंसुद्धा पाय न वाजवता चालत होती. भिंतीपलीकडं इंदुताई पोराला खांद्याशी उभं धरून येरझाऱ्या घाली, मधूनच दोन घोट पाजी. मला वाटलं, भिडस्त माणसानं एकदा डोकं चालवलं की काय चालतं!

पण देवीच्या नियमांतला एक नियम इंदुताईच्या ध्यानात आला नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

दुपारी सोपानराव कंपाउंडर सायकलवरून आले. बारीक अंगाचा, धोतर पायात खोचलेला माणूस, मागं कॅरियरला सुयांची पेटी. अंगणात बायका बसल्या होत्या, देवीला थंडावा म्हणून दहीभाताची वाटी घेऊन. बिब्बा कमरेला खोचून छबूबाईही आल्या होत्या. देवी आल्याचं त्यांना इथं आल्यावर कळलं, त्यामुळं त्या जरा हिरमुसल्या होत्या.

“कंपाउंडर, हितंच थांब,” शालनबाईंनी हात आडवा केला. “काय हाय पेटीत?”

“सुई हाय. डॉक्टरांनी धाडलंय. लहान पोर हाय ना कुणाचं?”

“डोळं फुटलं का तुजं? डाळा दिसंना दारावरचा? घरात आई आलीया आन तू सुई टोचतोस व्हय? आईला सुई?”

देवी आली की औषध नाही. देवी आली की सुई तर नाहीच नाही. ती आपल्या मर्जीनं येते, आपल्या मर्जीनं जाते. मध्ये कुणी हात घातला की कोपते, आणि तो कोप मग एका घरावर थांबत नाही. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत. आम्हा दोघींना तेवढंच आठवलं नव्हतं.

सोपानरावांनी डहाळा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. शास्त्र त्यांच्या पेटीत होतं, पण डोकं आमच्यातलंच होतं. “डॉक्टर तर छाती म्हणाले,” ते पुटपुटले. “पण असं असंल तर बाई, मलाबी लेकरं हायत.” त्यांनी डहाळ्याला नमस्कार केला आणि सायकल वळवली.

मी उठले. “अहो सोपानराव, थांबा! शालनबाई, डॉक्टरांनी बजावलंय, एकही सुई चुकता कामा नये. नुसता छातीचा आजार आहे पोराला.”

“आन डाळा काय तुमी लावलाय?” छबूबाई म्हणाल्या. “वैनी, तुमचं बोलनं कुनी खरं धरायचं? मागं तुमीच सांगितलंवतं का न्हाई, मी बिब्ब्याला मिरची लावून डागती म्हनून?”

सांगितलं होतं. आयुष्यभर चेष्टा केलेल्या माणसाचं हे असं होतं. मोक्याच्या वेळी खरं बोललं तरी बायका हसायच्या तयारीनं तोंडाकडं बघतात.

तेवढ्यात इंदुताई दारात आली. पोर खांद्यावर. त्याचा श्वास आता प्रत्येक वेळी बारीक कण्हल्यासारखा वाजत होता, बऱ्याच वेळात त्यानं दुधाला तोंड लावलं नव्हतं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, डोळे लालबुंद झालेले. केस कालपासून विंचरलेले नाहीत, ते सुटून पाठीवर. उंबऱ्याला लावताना बोटांचं कुंकू कपाळभर फासलं गेलेलं.

“अहो,” ती म्हणाली. “जाऊ नका. देवी न्हाई वो.”

कुणी ऐकलं नाही. तिचा आवाज मुळात असा की समोर बसलेल्या माणसानंही “काय?” म्हणावं. शालनबाई सोपानरावांना नदीकडच्या वाटेनं लावून देत होत्या.

“अहो, ऐका की जरा.”

सायकलची घंटी वाजली.

आणि मग मी जन्मात ऐकला नव्हता असा आवाज आला. आधी मला कळलंच नाही कुठून आला ते. बांधावरचे बगळे उडाले.

“थांऽऽब!”

सोपानराव सायकलीसकट आडवे झाले. बायका उभ्या राहिल्या. इंदुताई उंबऱ्यावर, डोळे वटारलेले, अंग थरथरतंय, केस तोंडावर.

“सगळ्या बाजूला व्हा! त्याला आत येऊ द्या! देवी-बिवी कोन्ही आलेली न्हाई हितं! डाळा म्या बांधला! म्या बांधला!”

 मला वाटलं, संपलं. देवीच्या नावानं खोटं केलं म्हणून आता हिला दगड मारतात.

छबूबाईंनी दोन्ही हात जोडले. “आगं बया, ऐकलं का? ‘म्या बांधला’ म्हनतीया! अंगात आलं! आई अंगात आली!”

पुढच्या क्षणी सगळ्या बायका मातीत डोकं टेकून. दोष त्यांचाही नाही. सगळ्या इंदुताईला ओळखत होत्या. इंदुताई असं बोलते? कोट नेला तरी ‘चांगली चाळणी’ म्हणणारी बाई? मग हे बोललं कोण? हिशेब अगदी सरळ होता.

“आई,” शालनबाई म्हणाल्या, “आमचं काय चुकलं?”

इंदुताई एक पळभर गोंधळली. एरवीची असती तर म्हणाली असती, तुमचं काही नाही चुकलं, बसा. पण पोर खांद्यावर कण्हलं.

“धूर केला! काल माझ्या लेकराच्या अंगावर धूर केला! मिरच्या जाळल्या! जीव घुसमटला त्याचा!”

“चुकलं आई.”

“खिडकी कुनी लावली? लेकरू कुनी आवळलं? समद्या माझ्या उरावर येऊन बसल्या! चला, मागं सरा!”

सगळ्या गुडघ्यांवरच मागं सरल्या.

“आन त्यो बिब्बा!”

छबूबाईंनी कमरेचा बिब्बा काढला आणि असा भिरकावला की तो थेट शालनबाईंच्या हरभऱ्यात जाऊन पडला. “न्हाई आई! पुन्यांदा न्हाई!”

“कंपाउंडर! इकडं ये!”

सोपानराव धोतर झटकत आले. त्यांचे हात असे कापत होते की पेटीचं झाकण वाजत होतं. इंदुताईनं माझं मनगट धरलं आणि मला आत ओढलं. मी मांडीवर पोराचा पाय घट्ट धरला. सोपानरावांनी स्टोव्हवर सुई उकळायला ठेवली आणि पाणी उकळेपर्यंत ते इंदुताईकडं न बघता रामनाम म्हणत होते.

“हात हलू देऊ नको,” ती म्हणाली.

“न्हाई आई.”

सुई गेली. मालोजीराव रडले, कालच्यापेक्षा जरा जास्त. सोपानराव पाठ न दाखवता उलटे चालत बाहेर गेले. पेटी उचलताना त्यांनी इंदुताईच्या पायाच्या दिशेनं जमिनीला हात लावला.

दार लोटलं. इंदुताई भिंतीला टेकून मटकन खाली बसली.  मी पाणी दिलं. दोन घोट प्यायल्यावर ती हळूच म्हणाली, “वैनी, म्या लई बोलले का वो? शालनबाईला राग तर न्हाई आला?”

मी पदर तोंडात कोंबला. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

पुढचे दिवस आईच्या हुकुमानं चालले. सोपानराव रोज दुपारी अंघोळ करून, अनवाणी येत. त्यांच्या येण्याआधी शालनबाई वाट झाडून ठेवत. डॉक्टरांना विचारून इंदुताई जे जे करी, ते बाहेर आपोआप नियम होऊन जाई. पोराचं डोकं उंच ठेवायला तिनं गोधडीची घडी घातली, तर पलीकडच्या खोलीतल्या बाईनंही आपल्या धडधाकट पोराखाली गोधडी घातली. पोट उडायचं थांबलं, बरगड्यांखालचा खळगा भरला, तोंडात धरलेलं दूध मालोजीराव सोडेनात. एका सकाळी त्यांनी माझं नाक ओढलं, तेव्हा मी ओळखलं, सरदार उठले.

इंदुताईनं खरं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. डहाळा उतरवायच्या दिवशी बायका ओटी भरायला आल्या, तेव्हा तिनं हात जोडून सांगितलं, “देवी न्हाई वो आली. मीच वरडले त्या दिवशी. लेकरासाठी.”

शालनबाईंनी कौतुकानं मान हलवली. “खरी आई कदी म्हनती का, मी आले म्हनून? भोंदू आस्त्यात त्येच सांगत फिरत्यात.”

 इंदुताईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “माझं बोलणं खरं कोण धरतंय?”

झालं, मग दर मंगळवारी दारात बायका. एकीची म्हैस आटली, एकीचा नवरा मुंबईहून येईना, एकीला सासू नको झालेली. इंदुताई सगळ्यांचं ऐकून घेई आणि म्हणे, “व्हईल बगा नीट.” त्या समाधानानं जात. उद्धवराव तेवढे बायकोशी बोलताना जरा मागं सरून उभे राहत. कधी कधी नकळत ‘अहो’ म्हणत.

आणि मग डॉक्टर स्वतः आले. सायकलवरून, शेवटचं तपासायला. दारात बायका बसलेल्या बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी आधी पोराच्या छातीला नळी लावली. पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं, मग नळी गळ्यात टाकून खोलीत चारी बाजूंना हुंगून पाहिलं.

“साफ आहे,” ते म्हणाले. “अगदी साफ. खोलीत धुराचा वास नाही. अंगावर चरका नाही. हे केलं कुणी? मी या गावात जन्म घालवला सांगून सांगून.”

“आईचा हुकूम,” बाहेरून शालनबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी थोडक्यात सांगितलं. माझं थोडक्यात म्हणजे त्यांना खाटेवर बसावं लागलं. ऐकताना आधी ते लाल झाले, मग त्यांनी चष्मा पुसला, मग दार जरासं लोटून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले,

“हे बघा इंदुताई. काळेवाडीच्या अंगाला नदीकाठी पोरांना जुलाब लागलेत. पाणी उकळून पाजा म्हणून मी घसा कोरडा केला. ऐकत नाहीत. तुम्ही एकदा त्यांना सांगाल का? नुसतं सांगू नका. जरा त्या दिवशीसारखं.”

मी इंदुताईच्या तोंडाकडं पाहिलं. ‘बरं’ यायचीच काय ती खोटी होती. डॉक्टरांसारखा माणूस, ज्यांच्यामुळं पोर वाचलं, तो घरी येऊन विनवतोय.

“नाही,” इंदुताई म्हणाली.

तिच्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली. पण मी ऐकलं, आणि डॉक्टरांनीही ऐकलं.

“त्या दिवशी लेकरू चाललं होतं वो माझं,” ती म्हणाली. “ते आपसूक आलं. आता लोकांपुढं केस सोडून नाटक कसं करू? देवीच्या नावावर एकदा चोरी झाली तेवढी पुरे. तशी येते की मी तुमच्यासंगं. घरोघरी पानी उकळून दाखवते. पर वरडनार न्हाई.”

 एवढ्यात मालोजीरावांना भूक लागली आणि त्यांनी भोकाड पसरलं. इंदुताई डॉक्टरांना तिथंच सोडून आतल्या कोपऱ्यात गेली आणि त्यांच्याकडं पाठ करून बसली.

डॉक्टर नळी खिशात कोंबत बाहेर आले. शालनबाई उभ्याच होत्या, हात जोडून. त्यांच्यामागं छबूबाई आणि निम्मी आळी.

“काय म्हनली आई?”

मी डॉक्टरांकडं पाहिलं. मोठा सत्यवादी माणूस. अंगारे-धुपारे म्हटलं की ज्याचा तिळपापड व्हायचा, तो. त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा आभाळाकडं.

“पाणी उकळून प्या म्हणाली,” ते म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून असे निघाले की पुन्हा मागं वळून पाहिलं नाही.

शालनबाईंनी तिथल्या तिथं सरपण काढायला माणसं पिटाळली. आत मालोजी छाती भरून रडत होता. दूध समोर असूनही रडत होता, आणि इंदुताई त्याला गप्प करायचं सोडून ते ऐकत बसली होती.